तीन ठिपके घेऊन खानदेशात

वयाची सेहेचाळीस वर्षं झाली तरी मी खानदेश पाहिला नव्हता. मालवणजवळच्या एका गावात वाढले, मुंबईत शिकले आणि तिथेच एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले. कामासाठी जर्मनी पाहिली, जपान पाहिला. कसाऱ्याच्या पलीकडचा महाराष्ट्र मात्र गाडीच्या खिडकीतून दिसला तेवढाच. या हिवाळ्यात एक आठवडा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत काढला. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी माझं बोलणं त्या आठवड्यावरून हलत नाही. घरचे कंटाळले आहेत, म्हणून आता कागदावर बोलते.

जळगाव

गाडीतून उतरले ती पाठीवरच्या पिशवीला दोन्ही हातांनी धरून. पिशवीत दोन जाड हार्ड डिस्क होत्या आणि त्यांत आमच्या प्रयोगाची सगळी मोजमापं.

हे काम काय, ते आधी सांगते. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, न्यूट्रॉन सगळ्यांना बांधून ठेवायला मदत करतात. न्यूट्रॉन कमी कमी करत गेलं की एक वेळ अशी येते, की गाभ्याला त्याचा शेवटचा प्रोटॉन धरून ठेवणं जमत नाही. तो निसटतो. ही हद्द नेमकी कुठे आहे ते शोधणं, हा आमचा उद्योग.

असे गाभे आयते मिळत नाहीत, घडवावे लागतात. जपानमधल्या एका प्रचंड यंत्रात आम्ही झेनॉनचे गाभे प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने बेरिलियमच्या चकतीवर आदळवले होते. आदळले की त्यांचे तुकडे उडतात, आणि अब्जावधी तुकड्यांत एखादाच आम्हाला हवा तसा निघतो: प्रोटॉन भरपूर, न्यूट्रॉन जेमतेम. तो ओळखायचा तीन गोष्टींवरून. चुंबकांमधून जाताना किती वळला, ठरलेलं अंतर किती वेळात कापलं आणि वाटेतल्या उपकरणात किती ऊर्जा टाकून गेला. यावरून प्रत्येक तुकड्याचा नकाशावर एक ठिपका पडतो. एका जातीच्या गाभ्यांचे ठिपके एकाच जागी जमतात आणि त्यांचा पुंजका होतो.

आमच्या नकाशाच्या अगदी कडेला, जिथे आजवर कुणालाच काही सापडलं नव्हतं, तिथे तीन ठिपके पडले होते. तीनच. ते खरे असतील तर तो गाभा जगात पहिल्यांदा आम्ही घडवला आणि ओळखला, असं म्हणता येणार होतं. मी या कामात वीस वर्षं आहे. दुसऱ्यांच्या शोधांत माझं नाव बारीक अक्षरांत अनेकदा आलं. स्वतःचा म्हणावा असा गाभा अजून एकही नाही. त्या तीन ठिपक्यांचं चित्र मी मोबाइलच्या पडद्यावर ठेवलं होतं, यावरून काय ते समजा. (कोणत्या मूलद्रव्याचा गाभा ते इथे लिहीत नाही, कारण आमचा लेख अजून छापून यायचा आहे.)

पुढच्या बुधवारी आमच्या गटाची ऑनलाइन बैठक होती आणि तिथे या ठिपक्यांचा निकाल लावायचा होता. मोजमापं तपासण्यात माझे जोडीदार म्हणजे लोटन पाटील सर. धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवतात. एरवी तेच मुंबईला येतात, पण त्यांच्या आईचा पाय मोडल्यामुळे त्यांना घर सोडता येत नव्हतं. एवढी मोजमापं इंटरनेटवरून पाठवायची तर पंधरा दिवस लागले असते. तेव्हा मीच निघाले. वाटेत फैजपूरच्या कॉलेजातलं एक व्याख्यानही कबूल करून टाकलं.

जळगावात पहिली गोष्ट जाणवली ती हवा. आमच्याकडे हिवाळ्यातही अंग चिकचिकतं. इथली सकाळ कोरडी, खडखडीत आणि चांगलीच गार. दुसरी गोष्ट शेवभाजी. दुपारी एका साध्या खाणावळीत बसले. वाटीत लाल तर्री आणि तिच्यावर जाड शेव तरंगत होती. मी आपली माशाच्या कालवणात भाकरी बुडवायच्या सवयीने पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मालकाने काही न विचारता ताकाचा पेला आणून ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, माझ्यासारखे त्याने बरेच पाहिले असावेत. तरी मी ती वाटी संपवली आणि वर आणखी थोडी तर्री मागितली.

फैजपूर

दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून फैजपूरला गेले. नदी मागे पडल्यावर काही वेळातच दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. आमच्याकडे केळ म्हणजे विहिरीपाशी वाढलेली दोन-चार झाडं. इथे केळीची जंगलं होती, फक्त रांगेत लावलेली. मागे उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. कोकणात झाडांमुळे शेजारचं घरही दिसत नाही. इथे उभं राहिलं की नजर थेट डोंगराला जाऊन टेकते.

व्याख्यान रंगलं. पोरापोरींनी सभागृह भरलं होतं, काही जण मागे उभे होते. मी तीन ठिपके पडद्यावर दाखवले आणि नको इतक्या ऐटीत म्हणाले, की हा गाभा माणसाने आजवर पाहिला नव्हता, तो तुम्ही आज पाहताय. एका मुलीने हात वर केला. तीन ठिपके चुकूनही पडले असतील, ते चुकीचे नाहीत हे कशावरून, असं तिने विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता. आम्ही सगळं तपासलेलं आहे, असं मी हसून सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला फार छान वाटत होतं.

संध्याकाळी सुपडू आबांनी मळ्यात भरीत ठेवलं होतं. आबा म्हणजे कॉलेजच्या प्राचार्यांचे मामा, सत्तरीचे केळी-बागायतदार. व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. हिरवी, लांबट, हातभर वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजत होती. भाजली की सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, वरून हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या. कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं एकत्र पीठ. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, आणखी वाढू का. इथे विचारायची पद्धत दिसली नाही. पान रिकामं झालं की भरत होतं.

आबांच्या शंका चालूच होत्या. तो गाभा टिकतो किती वेळ? मी म्हटलं, सेकंदाचा अगदी लहानसा भाग. मग त्याचा उपयोग काय? मी सांगितलं, की काही तारे पेटतात तेव्हा त्यांच्यात असलेच गाभे तयार होतात. ते किती टिकतात यावर पुढे तिथे कोणती मूलद्रव्यं किती बनणार हे ठरतं. आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग तर हे बघायलाच पाहिजे. एवढ्या चटकन आमचं म्हणणं पटलेला माणूस मला अनुदान समितीवर कधी भेटलेला नाही.

याच मळ्यात मी एका केळीला टेकून उभी राहिले आणि पांढऱ्या कुर्त्यावर चीक लागला. तेव्हा डाग दिसलाही नाही. सकाळपर्यंत त्याची तपकिरी पट्टी झाली होती. आबांच्या सुनेने कुर्ता हातात घेऊन पाहिला आणि हा आता जायचा नाही म्हणून शांतपणे परत दिला.

देवपूर

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला आली. पांझरा नदीच्या अलीकडे जुनं गाव, पलीकडे देवपूर. लोटन सर स्टँडवर न्यायला आले होते. उंच, सावळे, मोजकं बोलणारे. पाच वर्षं आम्ही एकत्र काम करतो, पण घरी जायची ही पहिलीच वेळ.

त्यांच्या आई पायाला प्लॅस्टर घालून पलंगावर बसल्या होत्या. त्या अहिराणी बोलतात. मला हाताने जवळ बोलावून म्हणाल्या, "आठे बस, माय. तुन्हं गाव कोनतं शे?" मी मालवण सांगितलं, समुद्राकाठी आहे म्हटलं. समुद्राचं पाणी खारट असतं तर तुम्ही पिता काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न. विहिरीला गोडं पाणी लागतं, हे ऐकून त्यांना माझ्या सगळ्या शोधांपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

जेवण उरकून आम्ही डिस्क जोडल्या. कामाला बसल्यावर लोटन सर जरा अस्वस्थ वाटले. शेवटी त्यांनी सांगूनच टाकलं. प्रयोग चालू असताना दर दोन तासांनी मोजणीची नवी फेरी सुरू होत असे. अशा एकशे बारा फेऱ्या झाल्या होत्या. तुकड्यांचा वेळ मोजणारी उपकरणं खोलीच्या तापमानाप्रमाणे किंचित मागेपुढे सरकतात. तो फरक मी दुरुस्त केला होता, पण दिवसाची सरासरी धरून. सरांचं म्हणणं, एका दिवसातसुद्धा उपकरण बरंच हललं असावं. आपले तीन ठिपके ज्या फेऱ्यांत आले त्यांपैकी एक फेरी त्यांना संशयास्पद वाटत होती.

मी वाद घातला. एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही, असं ठासून सांगितलं. वाद घालतानाच कळत होतं, की त्यांचं बरोबर आहे. फैजपूरच्या त्या मुलीला मी जे उत्तर दिलं होतं ते आठवून कानशिलं गरम झाली.

आता प्रत्येक फेरीचा फरक वेगळा काढायचा तर आठवडाभराचं काम होतं आणि बुधवार चार दिवसांवर आला होता. तेव्हा सर म्हणाले, की हे काम बहुतेक झालेलं आहे. त्यांची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी रमिला पावरा हिला त्यांनी प्रकल्प म्हणून, मागे मुंबईहून आणलेल्या थोड्या मोजमापांतला, एक ओळखीचा, भरपूर ठिपक्यांचा पुंजका दिला होता. तो प्रत्येक फेरीत नेमका कुठे पडतो, एवढंच तिने पाहायचं होतं. दहा फेऱ्या पुरे, असं सरांनी सांगितलेलं. रमिलाने एकशे बाराही फेऱ्या पाहिल्या आणि वहीत लिहून ठेवल्या. प्रकल्पात दहा फेऱ्या छापल्या गेल्या. वही तिच्याकडेच राहिली, आणि ती परीक्षा संपवून गावी गेली होती, शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला. फोन लागत नव्हता.

सरांनी बहिणीला आईजवळ बोलावून घेतलं आणि सकाळी निघायचं ठरलं.

सातपुड्याच्या पायथ्याशी

रविवारी सकाळी सरांच्या जुन्या गाडीतून निघालो. सोनगीरला रस्त्याकडेची तांब्या-पितळेची दुकानं उन्हात झळकत होती. पुढे पुन्हा तापी लागली, इथे पात्र मोठं आणि शांत. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. इतका कापूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष बाहेर नव्हतं. मनात एक विचार येऊन गेला, की रमिला घरी नसली तर बरं. वही मिळाली नाही तर बुधवारी तीन ठिपके जसेच्या तसे मांडता येतील आणि कुणी मला दोष देणार नाही. हा विचार मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे. त्या गाडीत मी तो केला, एकदा नव्हे, निदान तीनदा.

शिरपूर सोडलं आणि रस्ता अरुंद होत गेला. डोंगर जवळ आले, शेतं लहान झाली, घरं एकमेकांपासून लांब लांब दिसायला लागली. विचारत विचारत रमिलाच्या घरापाशी पोचलो. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण. रमिला शेतात कापूस वेचत होती. तिच्या आईने हाक मारली तशी ती कमरेला बांधलेल्या कापसाच्या ओटीसकट पळत आली आणि सरांना पाहून जागच्या जागी थांबली. प्रकल्पात काही चुकलं का, हे तिचं पहिलं वाक्य.

सरांनी सगळं सांगितलं. ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून दोनशे पानी वही घेऊन आली. प्रत्येक ओळीत फेरीचा क्रमांक, त्या पुंजक्याची जागा आणि नोंदवहीतून उतरवलेलं खोलीचं तापमान. कुठेही खाडाखोड नव्हती. सांगितल्या होत्या दहा, मग सगळ्या का केल्या, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दहा केल्यावर अकरावी कशी असेल ते कळत नव्हतं, मॅडम."

अंगणात खाट टाकली. रमिला आकडे वाचू लागली, मी लॅपटॉपवर भरू लागले आणि सर वहीत बोट ठेवून ताडून पाहत होते. सत्त्याऐंशीव्या फेरीला लॅपटॉपने मान टाकली. बॅटरी संपली होती आणि गावात वीज दुपारी उशिरा येणार होती. गाडीत मोबाइलपुरतीच सोय. मला रडू यायचंच बाकी होतं. रमिलाचे वडील जामसिंगभाऊ बांधावरून हे पाहत होते. किलोमीटरभरावर आश्रमशाळा आहे आणि तिच्या छपरावर सौर पॅनेल आहेत, असं त्यांनी सुचवलं. सरांनी लॅपटॉप तिथे पोचवला आणि मास्तरांच्या टेबलावर चार्जिंगला लावून आले.

तोवर जेवण झालं. मक्याची भाकर, उडदाची डाळ, लाल मिरचीचा ठेचा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा. घरातली मंडळी आपसात पावरी बोलत होती. मला त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं, पण रमिलाची आई माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मी विचारल्यावर रमिलाने लाजत सांगितलं: आई म्हणते, या बाई शेंगा सोलताना एकही दाणा सांडत नाहीत, यांना कापूस वेचायला न्या. माझ्या शोधनिबंधांचं इतकं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं.

मग आम्ही सगळे शाळेवर गेलो, जामसिंगभाऊसुद्धा. सुट्टीमुळे शाळा शांत होती. ओसरीत बसून उरलेल्या पंचवीस फेऱ्या भरल्या आणि मी नकाशा नव्याने काढायला लावला. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या, ते सरांना विचारावं.

चित्र उमटलं. सगळे पुंजके आधीपेक्षा आखडून घट्ट झाले होते. आणि माझ्या तीन ठिपक्यांपैकी एक सरळ उजवीकडे सरकून शेजारच्या ओळखीच्या पुंजक्यात जाऊन बसला होता.

दोनच राहिले.

दोन ठिपक्यांवर नव्या गाभ्याचा दावा करायला मी धजले नसते आणि गटानेही करू दिला नसता. शक्यता आहे, एवढंच म्हणता आलं असतं. मी चष्मा काढून पुसत बसले. वीस वर्षं, असं काहीसं मनात आलं आणि ते वाक्य पुरं करावंसं वाटेना.

रमिला मात्र पडद्याजवळ वाकून पाहत होती. तिने एका जागी बोट ठेवलं. माझ्या ठिपक्यांपासून ती जागा बरीच लांब होती, प्रोटॉनांची संख्या विषम असलेल्या गाभ्यांच्या एका ओळीत. तिने विचारलं, "मॅडम, इथे कोणीच का नाही?"

मी पाहिलं. त्या ओळीत उजवीकडून डावीकडे आलं की ठिपके कमी होत जातात, कारण एकेक न्यूट्रॉन कमी असलेला गाभा घडवणं जास्त जास्त अवघड असतं. पहिल्या पुंजक्यात हजारो, दुसऱ्यात शेकडो. त्या हिशेबाने तिसऱ्या जागी वीस-पंचवीस ठिपके हवे होते. वरच्या आणि खालच्या ओळींत तशा जागी ते होतेही. या जागी एकही नव्हता. जुन्या नकाशात तिथे पाच-सहा ठिपके विखुरलेले दिसायचे. मी ते किरकोळ समजून सोडून दिले होते. नव्या नकाशात ते पाच-सहाही आपापल्या घरी गेले होते. ते शेजारच्या पुंजक्यातून सांडलेले होते. जागा स्वच्छ रिकामी झाली होती.

मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. त्यांनी हळूच विचारलं, यंत्राच्या कडेमुळे तर तुकडे अडले नसतील? मी म्हटलं, नाही, ही जागा मधोमध आहे. उपकरण तिथे आंधळं असेल? तेही नाही, आजूबाजूचे सगळे दिसताहेत. आम्ही दोघं एकमेकांना अडवण्यासाठी कारणं शोधत होतो आणि एकेक कारण गळून पडत होतं.

तो गाभा घडत नव्हता असं नाही. घडत होता, पण आमच्या उपकरणापर्यंत पोचायच्या आत त्याचा शेवटचा, जोडी नसलेला प्रोटॉन निसटून जात होता. चकतीपासून उपकरणापर्यंत यायला लागतो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ, आणि तेवढाही तो जगत नव्हता. त्या ओळीत हद्द इथे होती. ज्या हद्दीच्या शोधात मी वीस वर्षं घालवली ती माझ्यासमोर शाळेच्या ओसरीत उघडी पडली होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून तीन ठिपके कुरवाळत बसले होते.

मी रमिलाला मिठी मारली. ती गांगरली. लोटन सर, जे कधी मोठ्याने हसत नाहीत, ते ओसरीच्या पायरीवर बसून बराच वेळ नुसते हसत होते.

जामसिंगभाऊंनी मुलीला काहीतरी विचारलं. ती पडद्यावर बोट फिरवत त्यांना पावरीत समजावू लागली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एक प्रश्न केला. तिने तो मला सांगितला: "बाबा म्हणतात, 'नाही' हे कळायला एवढी सगळी मोजावी लागली का?"

मी म्हटलं, हो, सगळी. एक जरी सोडली असती तरी ठामपणे सांगता आलं नसतं. त्यांनी मान डोलवली आणि वही हातात घेऊन पहिल्या पानापासून उलटून पाहू लागले. आकडे त्यांना कळत होते की नाही, मला माहीत नाही. पान मात्र त्यांनी एकही सोडलं नाही.

पुन्हा देवपूर

सोमवारचं परतीचं तिकीट रद्द केलं. सोमवार-मंगळवार आम्ही तिघांनी लोटन सरांच्या घरी बसून सगळं पुन्हा तपासलं. रमिला मैत्रिणीकडे उतरली होती आणि सकाळी आमच्या आधी हजर असायची. सरांच्या आई पलंगावरून लक्ष ठेवून होत्या. कुणी जेवायला उठलं नाही की त्या बरोबर नाव घेऊन बोलवायच्या. माझे दोन उरलेले ठिपके आम्ही अहवालात ठेवले: शक्यता आहे, आणखी मोजमापं हवीत, असं लिहून. ते वाक्य मीच लिहिलं. लिहिताना वाटेल असं धरलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

बुधवारी दुपारी बैठक सुरू झाली. पडद्यावर चार-पाच देशांतले पंचवीस चेहरे. सुरुवातीला मी बोलले. सरासरी धरून दुरुस्ती करण्यात माझी चूक झाली हे सांगितलं आणि तिनाचे दोन का झाले तेही सांगितलं. मग म्हटलं, पुढचं रमिला दाखवेल. आदल्या दिवशी तिला तसं सांगितलं तेव्हा ती नको म्हणत होती. माझं इंग्रजी मोडकं आहे, असं तिचं म्हणणं. सरांनी तिला आठवण करून दिली, की ऐकणाऱ्या निम्म्या लोकांचंही मोडकंच आहे.

तिने नकाशा लावला आणि ती रिकामी जागा दाखवली. छोटी छोटी वाक्यं, मध्ये मध्ये थांबत. तिचं बोलून झालं. मग गटाच्या प्रमुखांनी, साठीच्या एका जपानी बाईंनी, तेच चित्र पुन्हा दाखवायला सांगितलं. पाहिलं. वेळेची दुरुस्ती किती फेऱ्यांची केली, असं विचारलं. रमिला म्हणाली, सगळ्या. बाई किंचित झुकल्या. जपानमध्ये महिनाभर राहिल्यामुळे मला ठाऊक होतं, त्या असं सहसा कुणासाठी करत नाहीत.

मग त्यांनी वही ओढली, पेन उघडलं आणि लेखकांच्या यादीसाठी तिच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. रमिलाने एकेक अक्षर सावकाश सांगितलं. आडनाव सांगून झालं, बाईंनी पेन ठेवलं. तेव्हा रमिला पुढे सरकली, म्हणाली की मधे आणखी एक नाव राहिलं, आणि तिने जामसिंगचं पहिलं अक्षर उच्चारलं. बाईंनी पेन पुन्हा उचललं.